मोठ्या उखळी तोफा : रचना, वापर आणि न मिटलेले वाद

युरोपातल्या पारंपरिक सैन्यबळावर मर्यादा घालणारा करार 1990 मध्ये झाला, तेव्हा तोफ कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागले. करारकर्त्यांनी 100 मिलिमीटर व्यासाची रेघ ओढली. त्या रेघेवरच्या उखळी तोफा थेट हॉवित्झरांच्या रांगेत मोजल्या गेल्या. पायदळाच्या 81 आणि 82 मिमीच्या उखळी तोफा मोजणीतून सुटल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रनोंदवहीतही सुरुवातीला हीच मर्यादा होती. ती 2003 मध्ये 75 मिमीपर्यंत खाली आणली गेली.

या आढाव्यात 'मोठी उखळी तोफ' म्हणजे साधारण 107 मिमीपासून 240 मिमीपर्यंतची, चाकांवर ओढून नेली जाणारी किंवा गाडीवर बसवलेली तोफ. जवान दोन-तीन भागांत खांद्यावरून नेतात ती 81 मिमीची येथे फक्त तुलनेपुरती येईल. हे हत्यार पायदळ आणि तोफखाना यांच्या सीमेवर उभे आहे. ते कोणी बाळगावे, कशावर बसवावे, किती मोठे करावे आणि ड्रोनच्या काळात त्याची गरज उरली आहे का, यावर गेली शंभर वर्षे मतभेद आहेत. युक्रेनमधल्या युद्धाने ते पुन्हा वर आणले आहेत.

वेढ्यापासून खंदकापर्यंत

जुन्या उखळी तोफेचे काम वेढ्याचे होते. तट भेदता येत नसेल तर गोळा तटावरून आत टाकायचा. डच अभियंता मेन्नो व्हान कुहोर्न याने सतराव्या शतकात माणसांना उचलून नेता येईल अशी लहान उखळी तोफ घडवली. तिच्याच जातीच्या तोफा पुढे दोन शतके वापरात राहिल्या. महाराष्ट्रालाही तिचा अनुभव आहे. मे 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने रायगडावर उखळी तोफांचे गोळे टाकले, गडावरच्या इमारती पेटल्या आणि गड इंग्रजांच्या हाती गेला. अमेरिकन यादवी युद्धात पीटर्सबर्गच्या वेढ्यात 1864 मध्ये 13 इंची 'डिक्टेटर' रेल्वेच्या उघड्या डब्यावर बसवून वापरली गेली. वजन पेलण्यासाठी चाकांची मदत घेण्याचा तो एक आरंभीचा प्रयोग होता.

आजच्या उखळी तोफेची वंशावळ मात्र पोर्ट आर्थरपासून सुरू होते. 1904 मध्ये रशिया-जपान युद्धात तिथे वेढ्यात अडकलेल्या रशियनांपैकी कॅप्टन लिओनिद गोब्यातो याने 47 मिमीच्या नौदल तोफेच्या नळीतून दांड्यावर बसवलेला मोठा बाँब उंच कोनात फेकण्याची युक्ती केली. त्या युद्धातले वेढे आणि खंदक जर्मन निरीक्षक बारकाईने पाहत होते. जर्मनीने 1910 पर्यंत 25 सेंटिमीटरचा 'मिनेनवेर्फर' तयार केला आणि 1914 मध्ये बेल्जियमच्या किल्ल्यांवर तो वापरला. पुढे खंदकांचे युद्ध चार वर्षे चालले आणि हे हत्यार सर्वांनाच हवे झाले. 1915 मध्ये विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज अभियंत्याने गुळगुळीत नळी, तळाशी टाचणी, खाली बेसप्लेट आणि पुढे दोन पाय अशी इतकी साधी रचना काढली की लहान उखळी तोफा आजही मूलतः तशाच आहेत. एदगार ब्रांट या फ्रेंच कारागीर-उद्योजकाने 1927 मध्ये पंखांचा, निमुळता गोळा देऊन तिला पल्ला आणि नेम दिला.

या लहान तोफेला मोठे करण्याचे श्रेय प्रामुख्याने सोव्हिएत अभियंता बोरिस शावीरिन याला जाते. त्याची 120 मिमीची तोफ 1938 मध्ये सेवेत आली. ती दोन चाकांच्या हलक्या गाडीवर ओढता येई आणि सोळा किलोच्या आसपासचा गोळा सहा किलोमीटरच्या जवळपास टाकत असे. पूर्व आघाडीवर जर्मनांना तिचा मार इतका जाणवला की त्यांनी पकडलेल्या तोफा वापरल्याच, शिवाय तिची नक्कलही उत्पादनात आणली. शत्रूने इतक्या लवकर आणि इतक्या जवळून नक्कल केली, याहून मोठी पावती हत्याराला मिळत नाही. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिची 4.2 इंची, म्हणजे 107 मिमीची तोफ मुळात रासायनिक धुरासाठी होती आणि तिच्या नळीला आतून गोळ्याला फिरकी देणारे आटे होते. 1943 मध्ये सिसिलीत तिने स्फोटक गोळे टाकले आणि त्यानंतर ती पायदळाची आवडती झाली.

हलकी नळी, जड गोळा

मोठ्या उखळी तोफेचा सारा व्यवहार एका देवघेवीवर चालतो. ती पल्ला सोडून देते आणि त्या बदल्यात वजन वाचवते. गोळा उंच कोनात, साधारण 45 ते 85 अंशांत आणि कमी वेगाने जातो, म्हणून नळीतला दाब कमी असतो. दाब कमी म्हणून नळी पातळ. धक्का मागे न जाता खाली जमिनीत जातो, म्हणून हॉवित्झरला लागणारी धक्का शोषणारी अवजड यंत्रणा लागत नाही. अमेरिकेची एम120 ही 120 मिमीची तोफ ट्रेलर वगळता सुमारे 145 किलोची आहे. त्याच सैन्याची 105 मिमीची हलकी हॉवित्झर दोन टनांच्या आसपास जाते. दोन्हींच्या गोळ्यातले स्फोटक मात्र फारसे वेगळे नसते. उलट उखळी तोफेच्या गोळ्यात बहुधा ते थोडे जास्तच असते, कारण कमी दाबात त्याचे कवच जाड करावे लागत नाही. सोव्हिएत कारखान्यांनी युद्धकाळात हे गोळे ओतीव लोखंडाचेही केले. हॉवित्झरच्या गोळ्याला ते परवडले नसते.

त्याच देवघेवीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एम120 चा पल्ला सुमारे 7.2 किलोमीटर आहे, 155 मिमीची तोफ त्याच्या तिप्पट-चौपट जाते. उंच कमानीत गोळा तीस सेकंदांहून जास्त वेळ हवेत राहतो आणि वारा त्याला ढकलत राहतो. वरून नळीत सोडायचा गोळा खाली सरकावा म्हणून त्याच्या आणि नळीच्या मध्ये थोडी फट लागते. त्या फटीतून गॅस निसटला की वेग कमीजास्त होतो आणि गोळे विखुरतात. आता गोळ्यावर गॅस अडवणारे प्लास्टिकचे कडे असते, त्यामुळे हा दोष कमी झाला, संपला नाही. फ्रान्सने यावर आट्यांची नळी हा उपाय धरला. 1970च्या दशकात स्वीकारलेली त्यांची एमओ-120-आरटी साध्या गोळ्याने आठ किलोमीटरच्या पुढे आणि रॉकेटची जोड दिलेल्या गोळ्याने तेरा किलोमीटरपर्यंत मारा करते. किंमत म्हणून तिचे वजन 580 किलोच्या वर गेले आणि ओढायला गाडी अपरिहार्य झाली.

सुरक्षेचा एक प्रश्न याच साधेपणातून येतो. भडिमाराच्या गोंगाटात एखादा गोळा न उडता नळीत राहिला आणि तोफदलाच्या लक्षात न येता दुसरा वरून सोडला गेला तर नळी फुटते. सोव्हिएतांनी 1943 च्या सुधारित तोफेच्या तोंडावर यासाठी अटकाव बसवला होता. युक्रेनची नवी 120 मिमीची 'मोलोत' तोफ 2018 मध्ये सरावात फुटली आणि सैनिकांचे प्राण गेले. तेव्हा दोष दुहेरी भरणीचा की नळीच्या घडणीचा, यावर तिथे उघड वाद झाला. हाताने भरायच्या तोफेत माणसाची चूक आणि यंत्राचा दोष वेगळे काढणे किती कठीण असते, ते त्या वादातून दिसते.

किती मोठी?

120 मिमीच्या वर व्यास गेला की गोळा वरून सोडता येत नाही. सोव्हिएत 160 मिमीच्या 1943 च्या तोफेचा गोळा चाळीस किलोंहून थोडा जड होता आणि नळी माणसाच्या उंचीपेक्षा बरीच लांब. म्हणून ती मागून भरायची. नळी मध्यावर आडवी करायची, गोळा आत सारायचा आणि पुन्हा उभी करायची. याच घराण्याची 240 मिमीची एम-240 सुमारे 1950 मध्ये आली. तिचा 130 किलोचा गोळा साडेनऊ किलोमीटरच्या पुढे जाई. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तीच नळी ट्रॅकच्या गाडीवर बसवून '2एस4 त्युल्पान' तयार झाली. प्रवासात नळी गाडीच्या पाठीवर आडवी असते. मारा करताना ती मागे जमिनीवर उतरते, त्यामुळे सगळा धक्का बेसप्लेटमार्गे मातीत जातो. मिनिटाला जेमतेम एक गोळा सुटतो. सेवेतल्या उखळी तोफांमध्ये इतका मोठा गोळा दुसरी कुठली टाकत नाही.

इतक्या मोठ्या गोळ्याची गरज कोणाला? त्युल्पानच्या बाजूचे म्हणतात की डोंगरातली गुहा, काँक्रीटचा तळघरी अड्डा किंवा भक्कम कारखाना 155 मिमीच्या गोळ्याला दाद देत नाही, आणि विमान प्रत्येक वेळी मिळेल असे नाही. सोव्हिएत सैन्याने अफगाणिस्तानात तिच्यासाठी लेझरच्या साहाय्याने नेम धरणारा 'स्मेल्चाक' गोळाही वापरला. विरोधी मत असे की हे काम आज विमानातून टाकलेला मार्गदर्शित बाँब जास्त अचूक करतो. शिवाय दहा किलोमीटरच्या पल्ल्यासाठी तीस टनांच्या आसपासची, सावकाश मारा करणारी गाडी आघाडीच्या इतकी जवळ आणणे म्हणजे ती गमावण्याची तयारी ठेवणे. युक्रेनमध्ये त्युल्पान नष्ट होतानाची दृश्ये पुष्कळदा समोर आली आणि विरोधी मताला त्याने बळ मिळाले. इस्रायलने वेगळा मध्य काढला होता. सोल्टाम कंपनीची 160 मिमीची तोफ जुन्या शेरमन रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवून त्यांनी वापरली. पुढे इस्रायलनेही 120 मिमीवर भर दिला.

त्याहून मोठ्या तोफांचा इतिहास आता संग्रहालयात आहे. जर्मनीची 60 सेंटिमीटरची 'कार्ल' 1942 मध्ये सेव्हास्तोपोलवर आणि 1944 मध्ये वॉर्सावर वापरली गेली. ती स्वतःच्या बळावर चालत असली तरी सव्वाशे टनांच्या आसपासच्या तिच्या देहाला लांबचा प्रवास रेल्वेनेच करावा लागे. सोव्हिएतांची 420 मिमीची 'ओका' 1957 च्या लाल चौकातल्या संचलनात दिसली. अणुगोळा टाकायला घडवलेली ही तोफ क्षेपणास्त्रांच्या काळात अनावश्यक ठरली आणि काही वर्षांत प्रकल्प बंद पडला. तरीही एक गोष्ट या यंत्रांनी स्पष्ट केली. नळी, गोळा आणि गाडी यांच्यात सर्वांत आधी हार मानते ती गाडी.

गाडीवर कशी बसवायची?

आज सर्वांत जिवंत वाद येथेच आहे. ओढून नेलेली 120 मिमीची तोफ उतरवून लावायला आणि मारा झाल्यावर उचलून निघायला काही मिनिटे लागतात. शत्रूचा उलट मारा तेवढ्या वेळात येऊ शकतो. म्हणून जवळजवळ सर्व सैन्ये तोफ गाडीवर चढवत आहेत, पण प्रत्येकाची रीत वेगळी.

पहिली रीत सर्वांत साधी. चिलखती गाडीच्या छताची झडप उघडायची आणि आत बसवलेल्या तोफेतून मारा करायचा. अमेरिकेच्या एम113 गाडीवर आधी 107 मिमीची, मग 120 मिमीची तोफ अशीच बसली, आणि स्ट्रायकरवरची एम1129 याच परंपरेतली आहे. इस्रायलच्या 'कार्डम'मध्ये तोफेला धक्का शोषणारी जोड दिली आहे, त्यामुळे हलक्या गाडीवरही ती बसते. ही रीत स्वस्त आहे आणि नळी गरजेला जमिनीवर उतरवता येते. दोष दोन. भरणारे सैनिक उघड्या झडपेखाली असतात आणि त्यांच्यावर वरून ड्रोन येऊ शकतो. दुसरा दोष आता उशिरा का होईना चर्चेत आला आहे. नळीच्या तोंडाशी होणाऱ्या स्फोटाचा दाब तोफदलाच्या डोक्यावर रोज पडत राहतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2024 मध्ये अशा दाबाच्या मर्यादेविषयी सर्व दलांना सूचना दिल्या. वर्षानुवर्षे सरावात हजारो गोळे टाकलेल्या सैनिकांच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हा प्रश्न तोफांच्या आराखड्यात फार पूर्वीच यायला हवा होता असे मला वाटते.

दुसरी रीत बंद टरेटची. फिनलंड आणि स्वीडन यांनी मिळून 'अमोस' बनवली. दोन नळ्यांची, मागून भरायची 120 मिमीची ही तोफ चढउताराचे कोन बदलत एकामागून एक सोडलेले अनेक गोळे जवळजवळ एकाच क्षणी पाडू शकते. तिची एका नळीची धाकटी बहीण 'नेमो'. पोलंडने चाकांच्या रोसोमाक गाडीवर 'राक' बसवली आणि 2016 मध्ये 64 तोफांची मागणी नोंदवली. पुढे त्यातल्या काही युक्रेनलाही मिळाल्या. टरेटमध्ये तोफदल चिलखताखाली सुरक्षित असते, स्फोटाचा दाब बाहेर राहतो, गरज पडली तर थेट नेम धरूनही मारता येते. पण खर्च, वजन आणि गुंतागुंत रणगाड्याच्या दिशेने जाते. स्वीडनने खर्चामुळे अमोस सोडली आणि पुढे आपल्या सीव्ही90 गाडीवर 'म्योल्नेर' घेतली. तीही दोन नळ्यांचीच, पण तोंडातून भरायची आणि बरीच साधी. ज्या देशाने अमोसच्या आराखड्यात भाग घेतला त्यानेच साध्या तोफेकडे परतावे, ही घटना दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या पुराव्यात मांडतात.

सोव्हिएतांची '2एस9 नोना' या सगळ्यांच्या आधीची, 1981 ची. विमानातून उतरणाऱ्या छत्रीदलांसाठी केलेली ही 120 मिमीची आट्यांची नळी तोफेचा आणि उखळी तोफेचा, दोन्ही प्रकारचा दारूगोळा टाकू शकते. अफगाणिस्तानात ती वापरली गेली. टरेटच्या रीतीचा सर्वांत दीर्घ अनुभव रशियाकडेच आहे.

तिसरी रीत त्युल्पानचीच, लहान प्रमाणात. स्पेनमधली 'अलाक्रान' हलक्या गाडीच्या मागून नळी आणि बेसप्लेट यंत्राने जमिनीवर टेकवते, मारा करते आणि लगेच उचलते. धक्का जमिनीत जात असल्याने साध्या फोर-व्हील गाडीला 120 मिमी पेलते. अर्थात तोफदलाला चिलखत मिळत नाही. फ्रान्सने मात्र ओढायच्या आरटी तोफांचा वारसा चिलखती ग्रिफॉन गाडीवर नेला. 2019 मध्ये 54 गाड्यांची मागणी झाली. तिची तोफ गाडीतच राहते आणि भरणी अर्धी यांत्रिक आहे.

ओढायच्या तोफेचे समर्थकही कमी नाहीत आणि त्यांचे म्हणणे जुनाट म्हणून बाजूला सारण्यासारखे नाही. गाडी तापते, मोठी दिसते, रस्ता मागते. खड्ड्यात पुरलेली, जाळीने झाकलेली 120 मिमीची तोफ वरून शोधणे त्यामानाने कठीण. हेलिकॉप्टरच्या दोरीला ती लटकते, डोंगरात खेचरावर भागांत चढते. पण एवढ्या भांडवलावरही प्रयोग फसू शकतो. अमेरिकन मरीन दलाने फ्रेंच आरटीवर आधारित तोफ ऑस्प्रे विमानात मावेल अशा छोट्या गाडीमागे जोडली होती. 2010च्या दशकाच्या अखेरीस ती व्यवस्था मोडीत काढली गेली. तिथे तोफ वाईट नव्हती. विमानात मावण्याच्या अटीने गाडीला इतके आखूड केले की पूर्ण व्यवस्थेचा उपयोग मर्यादित राहिला.

कोणाच्या हाती द्यायची?

या प्रश्नाला देशागणिक उत्तर बदलते. अमेरिकेत 120 मिमीची तोफ पायदळाच्या बटालियनची आहे. बटालियन कमांडर कोणाला न विचारता तिचा मारा मागवू शकतो. फ्रान्समध्ये ती तोफखान्याची. रशियात बटालियनच्या पातळीवर 120 मिमीची बॅटरी आणि वरच्या राखीव फळीत 240 मिमी अशी वाटणी राहिली. ब्रिटनने कित्येक दशके पायदळात 81 मिमीच ठेवली आणि जास्त जड मारा तोफखान्यावर सोपवला.

भारतात पायदळाच्या बटालियनकडे 81 मिमी आणि तोफखान्याच्या लाइट रेजिमेंटांकडे 120 मिमी अशी परंपरा आहे. नाशिकजवळच्या देवळालीतील स्कूल ऑफ आर्टिलरीत घडलेले अधिकारी या तोफांचा मारा ठरवतात. या वाटणीचा फायदा म्हणजे मारा एका हातातून, पूर्ण हिशेबाने होतो. सर्वेक्षण, हवामान, उंचीनुसार पल्ल्यातला बदल हे सर्व तोफखान्याचे रोजचे काम आहे, आणि 14-15 हजार फुटांवरच्या विरळ हवेत समुद्रसपाटीचे तक्ते चालत नाहीत. तोटा असा की कंपनी कमांडरला हवा असलेला मारा मिळेपर्यंत विनंती एका पायरीने जास्त चढते.

कारगिलच्या 1999 च्या लढाईत हा प्रश्न प्रत्यक्षात तपासला गेला. त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बाँब आणि रॉकेटे टाकली. लोकांच्या लक्षात बोफोर्स राहिली, आणि ते स्वाभाविक होते. पण 120 मिमीच्या उखळी तोफाही तिथे होत्या आणि कड्याच्या पलीकडच्या उतारावर बसलेल्या शत्रूवर उंच कोनातून गोळा टाकणे हे त्यांचे स्वाभाविक काम होते. अडचणीही तिथेच उघड झाल्या. खडकात बेसप्लेट बसत नाही, खाली वाळूच्या पिशव्या घालाव्या लागतात. पल्ला कमी, म्हणून तोफ पुढे न्यावी लागते आणि पुढे नेली की ती शत्रूच्या माऱ्यात येते. दारूगोळा वर चढवणे हे स्वतःच एक युद्ध असते. भारताच्या संरक्षण संशोधन संघटनेने बीएमपी-2 च्या सांगाड्यावर ट्रॅकची उखळी तोफवाहक गाडी तयार केली, पण तिच्यावरची तोफ 81 मिमीची होती. मोठा व्यास चिलखतावर नेण्याचा प्रश्न तिने सोडवला नाही. डोंगरात गाडीला वाव कमी, मैदानात आणि वाळवंटात जास्त. एकाच तोफेने दोन्ही भागवायचे की दोन वेगळ्या घ्यायच्या, यावर लष्करी लेखकांत एकमत नाही.

अचूकतेची किंमत

विखुरणारे गोळे हा दोष मान्य केला तर उपाय मार्गदर्शित गोळ्याचा. स्वीडनचा 'स्ट्रिक्स' 1990च्या दशकात आला. तो रणगाड्याची उष्णता ओळखून वरून पडत असे. अमेरिकेने 2011 मध्ये अफगाणिस्तानात उपग्रहाच्या साहाय्याने वाट धरणारा 120 मिमीचा गोळा आपल्या तुकड्यांना दिला. इस्रायलचा 'आयर्न स्टिंग' लेझर आणि उपग्रह दोन्ही वापरतो आणि 2023 पासून गाझात वापरला गेला.

समर्थक म्हणतात की वीस साध्या गोळ्यांचे काम एक-दोन गोळ्यांत होते, वाहतूक वाचते आणि आजूबाजूचे लोकही वाचतात. टीकाकार दोन गोष्टी दाखवतात. उपग्रहाचा संदेश आज सहज अडवला जातो, आणि लेझरसाठी कोणीतरी लक्ष्य सतत पाहत राहावे लागते. शिवाय उखळी तोफ स्वस्त आणि मुबलक गोळ्यांचे हत्यार म्हणून टिकली. प्रत्येक गोळा महाग झाला तर ते काम थेट छोट्या क्षेपणास्त्राने किंवा ड्रोननेच का करू नये, हा त्यांचा प्रश्न. खर्चाचा हा मुद्दा मला जास्त वजनाचा वाटतो. गोळा महाग झाला की तोफेला तगवणारी मूळ देवघेवच बिघडते.

रडार आणि ड्रोन

उंच कमानीचा गोळा रडारला सहज दिसतो. हवेतल्या त्याच्या प्रवासातला एक भाग पकडला की तो कुठून सुटला हे उलटे मोजता येते. दुसऱ्या महायुद्धातच रडारचा असा उपयोग सुरू झाला आणि पुढे खास त्यासाठीची रडारे आली. कारगिलमध्ये भारताला अशा रडारांची उणीव तीव्रतेने भासली. त्यानंतर अमेरिकन रडारे घेतली गेली आणि पुढे देशात 'स्वाती' तयार झाले. रडारच्या धोक्यावर उत्तर म्हणजे मारा करून निघून जाणे, आणि गाडीवरच्या तोफांचा मुख्य आधार हाच.

2022 नंतर युक्रेनमध्ये ड्रोनने हे गणित बदलले आहे, पण कोणत्या दिशेने यावर मतभेद आहेत. एक मत असे की ड्रोनने उखळी तोफेला संजीवनी दिली. पूर्वी टेकडीवरचा निरीक्षक जे पाहू शकत नव्हता ते आता स्वस्त ड्रोन दाखवतो, पहिला गोळा कुठे पडला ते लगेच कळते आणि दुसरा-तिसरा लक्ष्यावर येतो. युक्रेनच्या सरकारी शस्त्र उद्योगाने 2023 च्या सुरुवातीला 120 मिमीच्या गोळ्यांचे उत्पादन सुरू केल्याचे जाहीर केले, तेही याच गरजेतून. दुसरे मत असे की लक्ष्यावर स्वतः जाऊन धडकणारा ड्रोन नेमक्या त्याच पट्ट्यात, म्हणजे आघाडीपासून पाच-दहा किलोमीटरमध्ये, उखळी तोफेची जागा घेत आहे आणि तोफदलच त्याचे पहिले लक्ष्य ठरते. मारा करून पळणेही पूर्वीइतके सोपे नाही, कारण वरून पाहणारा ड्रोन पळणाऱ्या गाडीमागे येतो. तरी ड्रोन धुके आणि जोराचा वारा यांपुढे, आणि रेडिओवर चालणारा असेल तर रेडिओ अडथळ्यापुढेही, थांबतो. तोफ थांबत नाही. धुराचा पडदा किंवा रात्री उजेडाचा गोळा ही कामेही ड्रोन अजून तितकी स्वस्तात करत नाही. सध्या दोन्ही शेजारी-शेजारी चालतात. त्यांच्यात कोण कोणाला बाजूला सारेल, याचा निकाल देण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही.

वस्तीत पडणारा गोळा

मोठ्या उखळी तोफेचा इतिहास लिहिताना शहरे टाळता येत नाहीत. 1999-2000 मध्ये ग्रोझ्नीवर त्युल्पानांचा मारा झाला, 2022 मध्ये मारिउपोलमध्ये त्या पुन्हा आणल्या गेल्या. भारत-पाक नियंत्रण रेषेवरच्या गावांनी फेब्रुवारी 2021 च्या शस्त्रसंधीपर्यंत उखळी तोफांचे गोळे वर्षानुवर्षे सोसले, आणि मे 2025 मध्ये पूंछवर झालेल्या तोफांच्या व उखळी तोफांच्या माऱ्यात पुन्हा नागरिक मारले गेले.

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत जास्त तपासला गेलेला गोळा बोस्नियातल्या युद्धात सर्बांच्या वेढ्यात असलेल्या सारायेव्होच्या मार्काले बाजारात 5 फेब्रुवारी 1994 रोजी पडला. 120 मिमीच्या त्या एका गोळ्याने 68 माणसे मारली. तो कोणी टाकला, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्याचे तांत्रिक कारण उखळी तोफेच्या स्वभावातच आहे. खड्ड्यावरून गोळा कोणत्या दिशेने आला हे बऱ्यापैकी कळते. पण त्याच कोनात तो किती दूरून आला हे गोळ्याच्या शेपटीला दारूचे किती चार्ज लावले होते त्यावर अवलंबून असते, आणि तो आकडा खड्ड्यात सापडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या तपासात म्हणूनच निश्चित निष्कर्ष आला नाही, त्या रेषेवर दोन्ही बाजूंचा प्रदेश येत होता. पुढे माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात बोस्नियन सर्ब सेनापती गालिच याच्यावरच्या खटल्यात गोळ्याची शेपटी जमिनीत किती खोल रुतली यावरून वेगाचा अंदाज बांधण्यापर्यंत तज्ज्ञ गेले. 2003 मध्ये न्यायाधीशांनी बहुमताने तो सर्ब ताब्यातल्या भागातून सुटल्याचे मान्य केले आणि 2006 मध्ये अपिलात दोषसिद्धी कायम राहून शिक्षा जन्मठेपेची झाली. त्याच बाजारावर 28 ऑगस्ट 1995 रोजी पडलेल्या गोळ्याने 43 जण मारले, आणि दोनच दिवसांनी नाटोचे हवाई हल्ले सुरू झाले.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये डब्लिनमध्ये अनेक देशांनी वस्तीत स्फोटक शस्त्रे वापरण्याविषयी एक राजकीय जाहीरनामा मान्य केला. समर्थक म्हणतात की हा संयमाचा पहिला लेखी आधार आहे. लष्करी बाजूचे काही जण म्हणतात की शत्रूच वस्तीत लपतो तेव्हा व्यास मोजून बंदी घालणे सैनिकावर अन्याय करते, आणि अचूक गोळा हाच खरा उपाय. जाहीरनाम्याने कोणत्याही व्यासाची रेघ ओढलेली नाही. रशिया, चीन, भारत आणि इस्रायल त्यात नाहीत.

उघडे राहिलेले

तांत्रिक बाजूने तीन गोष्टी अनिर्णित आहेत. 120 मिमीचा पल्ला रॉकेटच्या जोडीने वाढवत नेला तर ती हलक्या हॉवित्झरची जागा घेईल की तिच्यासारखीच महाग होईल, हे युरोपातल्या नव्या तोफांच्या प्रत्यक्ष वापरातूनच दिसेल. तोफदलाच्या मेंदूवर होणाऱ्या दाबाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले तर उघड्या झडपेची रीत बदलावी लागेल, आणि बहुतेक सैन्यांचे सध्याचे ताफे त्याच रीतीचे आहेत. 240 मिमीची गोष्ट वेगळी. रशियाबाहेर तिचा वारसदार कोणी घडवत नाही, आणि रशिया तिला आणखी किती वर्षे राखील हे विमान आणि मार्गदर्शित बाँब यांच्या उपलब्धतेवर ठरेल.

भारतापुरता प्रश्न हिमालयातून सुरू होतो. पूर्व लडाखच्या रुंद खोऱ्यांत गाडी चालते, द्रासच्या कड्यांवर चालत नाही, आणि दोन्हीकडे हिवाळ्यात पोहोचवलेला प्रत्येक गोळा आधी महिन्यांचा हिशेब करून साठवलेला असतो. तिथे ओढायची 120 मिमी राखून ड्रोनची जोड द्यावी, की चाकांवरच्या चिलखती गाडीवर ती चढवावी, की लाइट रेजिमेंटांचे काही काम पायदळाकडेच सोपवावे, या तिन्ही मतांना अनुभवाचा आधार आहे आणि तिन्हींचा खर्च वेगवेगळ्या खात्यांवर पडतो.